रात्रीच्या राखणीला कॅमेरा घेताय? आधी हे वाचा



कुणाचा कांदा चाळीत आहे, कुणाची सोयाबीन अजून गोडाऊनला आहे, आणि विहिरीवरची मोटार-केबल तर सगळ्यांचीच आहे. म्हणून बऱ्याच जणांनी कॅमेरे बसवलेत. पण चोरी झाल्यावर क्लिप काढली की तक्रार एकच: माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. तोंडाच्या जागी पांढरा गोळा, नाहीतर पळणारी सावली. अशा क्लिपवरून संशयाने कुणाचं नाव घेतलं तर माल परत येत नाही, गावात भांडण मात्र लागतं.

*लक्षात ठेवा: रात्रीचं चित्र नुसत्या मेगापिक्सेलवर नाही, उजेडावर आणि अंतरावर ठरतं.*

*१) मेगापिक्सेलच्या मागे लागू नका*
सेन्सर तेवढाच ठेवून २ चे ८ मेगापिक्सेल केले, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. पाटाचं पाणी ४ सऱ्यांऐवजी १६ सऱ्यांत सोडल्यासारखं. म्हणून माहितीपत्रकात हे दोन आकडे बघा:
• सेन्सर: १/४ इंचापेक्षा १/२.८ इंच मोठा. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा आणि रात्रीचं चित्र चांगलं.
• लेन्सचा एफ आकडा: हाही लहान हवा. एफ/२.० पेक्षा एफ/१.६ ला साधारण दीडपट उजेड आत येतो, एफ/१.० ला चौपट.

*२) चेहरा किती लांबून ओळखू येईल?*
डब्यावर "नाईट व्हिजन ३० मीटर" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ३० मीटरवर कुणीतरी आहे एवढं कळेल. चेहरा ओळखायचं अंतर बरंच कमी असतं. २ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याचा अंदाज असा:
• २.८ मिमी लेन्स: १२ फुटांपर्यंत
• ४ मिमी लेन्स: १८ फुटांपर्यंत
• ६ मिमी लेन्स: २५ फुटांपर्यंत
लेन्सचा आकडा वाढला की लांबचं मोठं दिसतं, पण आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणून एकाच कॅमेऱ्यात अख्खं खळं बसवायला जाऊ नका. चोराला जिथून जावंच लागतं ते चाळीचं दार, फाटक किंवा बांधावरची वाट धरा. जमलं तर एक कॅमेरा मोकळ्या जागेला, एक फक्त दाराला.

*३) काळं-पांढरं की रंगीत?*
आयआर कॅमेरा पूर्ण अंधारातही चालतो, पण चित्र काळं-पांढरं येतं. त्यात काळा शर्टसुद्धा पांढरट दिसू शकतो, तेव्हा कपड्याच्या रंगावरून कुणावर बोट ठेवू नका. ८५० च्या आयआरमध्ये बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी.
"फुल कलर" कॅमेऱ्याला थोडा तरी उजेड लागतोच. घराजवळच्या चाळीवर रात्रभर बल्ब असेल तर हा घ्या. लांबच्या विहिरीवर आयआर बरा.

*४) बसवताना*
• पत्र्याला किंवा चुना मारलेल्या भिंतीला चिकटवून नको. आयआरचा उजेड तिथेच आपटून परत येतो आणि पुढचं सगळं काळं पडतं. खिडकीच्या काचेतूनही हेच होतं.
• उंची ८ ते १० फूट. १५ फुटांवर नेला तर टोपीच दिसेल.
• बल्ब कॅमेऱ्याच्या समोर नको, मागे किंवा बाजूला हवा.
• कॅमेऱ्यावर कोळी जाळं करतो आणि चित्र धुरकट होतं. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसा.
• बाहेर लावायचा असेल तर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलाच घ्या.

*५) विहिरीवरचा सोलर सिम कॅमेरा*
यातले बरेच कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात, अंगाच्या उष्णतेवर जागे होतात. माणूस समोरून सरळ आला तर उशिरा कळतं, आडवा गेला तर लवकर. म्हणून वाटेच्या बाजूने, वाट आडवी दिसेल असा लावा. त्या जागी सिमला रेंज आहे का, ते आधी मोबाईलवर बघा.

*६) पूर्ण पैसे देण्याआधी एक रात्र टेस्ट*
घरातल्या माणसाला अंधारात दारातून *चालत* जायला सांगा. उभ्या माणसाचं चित्र छान येतं, चालणाऱ्याचं फाटतं, कारण कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. मग लाईव्ह नाही, *रेकॉर्डिंग* उघडा. घरचा माणूस ओळखू आला नाही तर चोर कुठून येणार? फिटरकडून जागा किंवा लेन्स बदलून घ्या. तारीख-वेळ बरोबर आहे का, तेही तेव्हाच बघा.

*चोरी झालीच तर:* रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढतं, म्हणून मूळ फाईल लगेच पेन ड्राईव्हवर घ्या आणि रेकॉर्डर किंवा कार्ड पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप दाबली जाते, चेहरा आणखी बिघडतो. क्लिप कापू नका, त्यावर काही लिहू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याबद्दल पोलीस ठाण्यात तक्रार देतानाच विचारा.

कॅमेरा आधीच घेतला असेल तर लगेच नवीन घेऊ नका. आधी जाळं काढा, बल्बची जागा बदला, कॅमेरा खाली घ्या. तरी चेहरा येत नसेल तर मॉडेल नंबर आणि रात्रीचा एक फोटो याच मेसेजला रिप्लाय म्हणून पाठवा, बघून सांगतो.

– आपला कृषी सल्लागार