दोन्ही दरवाजे उघडे ठेवा, म्हणे

परवा साखरपुड्यात माझी नणंद चारचौघांत म्हणाली, "वहिनी स्वतः मास्तरीण, तरी पोरीचे विषय घेताना फसली." जेवणाच्या पंगतीत मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

जून २०२३. मुलीला दहावीला ९४ टक्के. निकालाच्या संध्याकाळी क्लासवाल्या सरांचा पहिला फोन आला आणि तिसऱ्या दिवशी ते धुळ्याला देवपुरात आमच्या घरी हजर. मुलीचं मन कॉम्प्युटरकडे. तिला ए-ग्रुप, म्हणजे गणिताचा, आणि बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं होतं. जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सुटते, त्याजागी २०० मार्कांचा आवडीचा विषय मिळतो. हिशेब तिने स्वतः मांडला होता, वहीच्या मागच्या पानावर. सरांनी ते पान बघितलंही नाही. म्हणाले, "मॅडम, बायफोकल म्हणजे नुसता मार्कांचा फुगा. एवढी हुशार मुलगी, एक दरवाजा बंद कशाला करता? दोन्ही ग्रुप घ्या. जेईई नाही जमली तर नीट आहे, नीट नाही जमली तर सीईटी आहे."

खरं सांगते, मला ते पटलं. आमच्या गावात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, येता-जाता त्याची पाटी दिसते, आणि कुठल्या आईला वाटत नाही? मुलगी एवढंच म्हणाली, "मम्मी, मला बेडूक बघवत नाही." आम्ही सगळे हसलो. ते हसणं मला आता आठवू नये असं वाटतं.

इंटिग्रेटेड होतं. अ‍ॅडमिशन तालुक्यातल्या एका कॉलेजात, बसणं क्लासच्या इमारतीत. २०१८ साली सरकारने अशाच प्रकाराला आळा घालायला विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. आमच्या लेकीचं बोट त्या यंत्राला दोन वर्षांत एकदाही लागलं नाही. सकाळी साडेसात ते दीड, पुन्हा चार ते आठ, रविवारी टेस्ट. सासूबाई रोज म्हणायच्या, "तिले जपू दे व माय," म्हणजे झोपू दे गं तिला. मी त्यांनाच गप्प करायची.

बारावीची दिवाळी झाली. नोव्हेंबरमध्ये एका रात्री क्लासच्या पालक-ग्रुपवर नवं टाइमटेबल पडलं. शाळेत तासिका मोजायची सवय, म्हणून पेन घेऊन बसले. आठवड्यात जीवशास्त्राचे १४ तास, गणिताचे ५. मला वाटलं माझीच चूक. पुन्हा मोजले. ५च. मुलीला विचारलं तर म्हणाली, कोट्याहून आणलेले गणिताचे सर दिवाळीआधीच सोडून गेले, तेव्हापासून असंच आहे. "मग सांगितलं का नाही?" "तू म्हणाली असतीस, तक्रारी करू नको, अभ्यास कर." म्हटलंच असतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सीएल टाकून गेले. पाऊण तास बाहेर बसवलं. दीड वर्षापूर्वी आमच्या सोफ्यावर बसून दोनदा चहा प्यायलेले सर मला विचारतात, "कोणत्या बॅचची?" गणिताचं काढलं तर म्हणे, "गणित हा सरावाचा विषय आहे, मॅडम. घरी बसवून घ्या तिला." मी तिसरी-चौथीला शिकवते; इंटिग्रेशन काय मी बसवून घेणार?

जिन्यात फी घेणारी मुलगी भेटली. तिचा भाऊ माझा विद्यार्थी. इकडेतिकडे बघून ती म्हणाली, "बाई, त्या वर्षी ए-ग्रुपला अकराच अ‍ॅडमिशन आल्या होत्या. अकरा पोरांची वेगळी बॅच परवडत नाही ना, म्हणून सगळ्यांना दोन्ही ग्रुप घ्यायला लावले."

स्कूटीची चावी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. दोन्ही दरवाजे! दरवाजे त्यांच्या बॅचचे होते, माझ्या लेकीचे नव्हते.

पुढचं लवकर सांगते. २०२५चा एप्रिल कॅलेंडरवर बघा: २ ते ८ जेईई मेन, ९ ते १७ सीईटीचा पीसीबी, १९ ते २७ पीसीएम, ४ मेला नीट. नीट देऊन आली, पंखा लावून पालथी पडली, आणि दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल. सीईटीला भौतिक ९५ पर्सेंटाइल, रसायन ९६, गणित ८१. पीसीएमच्या २०० मार्कांत १०० एकट्या गणिताचे असतात, प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क. म्हणजे निम्मा पेपर आम्ही आठवड्याच्या ५ तासांवर सोडला होता. नीटचा स्कोअर सांगण्यासारखा नाही. ती आता मेकॅनिकलला आहे, पुण्याबाहेर. कॉम्प्युटरचं नाव काढत नाही.

बोर्डाला मात्र जीवशास्त्रात ९६ पडले. जूनमध्ये पारोळा रोडला फ्लेक्स लागला, त्यात तिचा फोटो. आम्हाला विचारलंही नाही.

यंदा ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी मुलाला किती टक्के पडले हे सांगत बसण्याआधी क्लासमध्ये दोन गोष्टी विचाराव्यात. ए-ग्रुपला, बी-ग्रुपला वेगवेगळी किती मुलं आहेत, आणि गणित कोण शिकवतं, ते धुळ्यातच राहतात का. छापील पत्रक नको. मागच्या बारावीच्या बॅचचं डिसेंबरचं टाइमटेबल मागा आणि तासिका स्वतः मोजा. बायफोकल नको म्हणत असतील तर त्यांच्याकडे लॅब आहे का ते बघा. आमच्याकडे नव्हती, म्हणून तो 'फुगा'.

दरवाजा कायमचा बंद होतो ही भीतीही तितकीशी खरी नाही. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास होणाऱ्यांना नीटला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. आमच्यासाठी पाच महिने उशिरा. बी.फार्मसीला तर पीसीएम चालतं, पीसीबीही चालतं. दोन्ही ग्रुप झेपणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण ती स्वतःहून मागतात.

बाकी मुलांशी बोला, झोप पूर्ण होऊ द्या वगैरे सगळे सांगतातच. मलाही सांगितलं होतं.

आणि फी हप्त्यानेच द्या, पक्की पावती घेऊन. आमच्या पहिल्या तीन हप्त्यांच्या पावत्या साध्या कागदावर, शिक्का नाही. चौथा ३५ हजारांचा हप्ता मी दिलेला नाही. त्यांचे फोन अजून येतात, बहुधा जेवणाच्या वेळी. मी नंबर बघते आणि फोन पालथा ठेवते.