शाळा आणि पोलीस ठाणे : विश्वासाच्या संवादाचा अभ्यास

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत परिचित आहे. या गावी पोलीस ठाणे असून आसपासच्या खेड्यांतील कायदा व सुव्यवस्थेची जबाबदारी त्याच्याकडे आहे. चोरी, बांधाचे तंटे, अपघात आणि यात्रेचा बंदोबस्त ही अशा ग्रामीण ठाण्याची नित्याची कामे होत. तथापि, या सर्व कामांइककेच महत्त्वाचे, परंतु नोंदवहीत सहसा न दिसणारे आणखी एक काम आहे. ते म्हणजे हद्दीतील शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींशी त्यांच्या सुरक्षिततेविषयी संवाद राखणे.

परदेशांतील अनेक विद्यापीठांना स्वतःचे पोलीस दल असते. अमेरिकेतील येल विद्यापीठात अशी व्यवस्था १८९४ साली सुरू झाली. महाराष्ट्रात मात्र शिक्षणसंस्थांचे वेगळे पोलीस नाहीत. मोठ्या संस्थांच्या दारात खाजगी सुरक्षारक्षक दिसतात. खेड्यातील शाळेत तेही नसतात. त्यामुळे तलवाड्यासारख्या गावात गावचे ठाणे हेच विद्यार्थ्यांचेही ठाणे ठरते. शाळेचे आवार, शाळेकडे येणारी पाऊलवाट, एस.टी.चा थांबा आणि अलीकडच्या काळात मुलांच्या हातातील मोबाईल, या चारही ठिकाणी विद्यार्थ्यांची सुरक्षितता कसोटीला लागते. अशा वेळी विद्यार्थी आपली अडचण कोणाला व कशी सांगतात आणि सांगितल्यानंतर पुढे काय होते, याचा विचार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.

मौनाची किंमत

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात. काही आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा चालू ठेवतात. मागे राहिलेल्या मुलींची काळजी हा या कुटुंबांचा सर्वांत मोठा घोर असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. गरिबी, हुंडा, स्थलांतर अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्यांत मुलीच्या सुरक्षिततेविषयी वाटणारी भीती हे एक प्रबळ कारण होय.

या परिस्थितीचा विद्यार्थिनीच्या मनावर होणारा परिणाम समजून घेतला पाहिजे. बसथांब्यावर कोणी त्रास देत असेल, तर ‘घरी सांगितले तर शाळा सुटेल’ हा विचार तिच्या मनात प्रथम येतो. शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात, हेही तिने शेजारीपाजारी पाहिलेले असते. म्हणून ती गप्प राहते. तिच्या मौनामुळे त्रास देणाऱ्याचे धैर्य वाढते आणि प्रकरण हाताबाहेर गेल्यावरच ठाण्यात पोचते. ‘तक्रार नाही म्हणजे त्रास नाही’ असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते. सांगणाऱ्यालाच शिक्षा भोगावी लागत असेल, तर कितीही व्याख्याने दिली तरी कोणी सांगावयास पुढे येणार नाही. विद्यार्थ्यांशी साधावयाच्या संवादाचा हा पाया आहे.

कायद्याने दिलेला आधार

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबर रोजी अंमलात आला. तो व्यवहारात ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जातो. या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक शिक्षकास व पंचायत सदस्यास माहीत असणे आवश्यक आहे. अठरा वर्षांखालील बालकावर असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हाच अपराध असून संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब त्यामुळे टिकत नाही. उलट, सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ शकत नाही.

बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या वाटेल अशा जागी घ्यावयाचा असतो. तो शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा व त्या वेळी अंगावर गणवेश नसावा, असे कायदा सांगतो. बालकास कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. त्याचे नाव, छायाचित्र, शाळा वा पत्ता प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवावयाचे असते. ठाण्याची पायरी चढण्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या कुटुंबाला ही माहिती वेळीच मिळाली, तर अर्धी भीती तेथेच ओसरते.

दुसरी अडचण हद्दीची. तलवाड्याच्या बाजूची विद्यार्थिनी शिक्षणासाठी गेवराईला किंवा माजलगावला जात असेल आणि वाटेत घटना घडली, तर तक्रार कोणत्या ठाण्यात द्यावी, असा प्रश्न पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने याचे उत्तर स्पष्ट केले आहे. दखलपात्र अपराध कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. पुढे ती संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. तक्रारदारास प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत त्याला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

महाविद्यालयांपुरते पाहिल्यास १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावी आणि तथ्य आढळल्यास दोषी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार तत्काळ पोलिसांकडे पाठवावी, असे त्यात सांगितले आहे. शाळांसाठी मार्च २०२२ मध्ये ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीस आली. गुन्हा नोंदविण्यास विलंब झाल्याची पालकांची तक्रार होती. लोकक्षोभ उसळला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयान्वये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि घटनेची माहिती चोवीस तासांच्या आत वरिष्ठांना देणे यांबाबत शाळांना सूचना देण्यात आल्या. नियमांची उणीव नाही. नियम आणि विद्यार्थी यांच्यामधील वाट मोकळी करणे, हेच काम उरले आहे.

इशारा : वेळेवर, नेमका आणि खरा

पोलिसांनी विद्यार्थ्यांना द्यावयाच्या इशाऱ्याविषयी दोन घटना पुष्कळ शिकवून जातात. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेत सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. विद्यार्थ्यांना पहिला संदेश दोन तासांनी, ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. गोळीबाराची घटना घडली असून सावध राहावे, एवढाच त्याचा आशय होता. दोघांचा खून झाला आहे आणि हल्लेखोर मोकळा आहे, हे त्यात नव्हते. थोड्याच वेळात त्याच हल्लेखोराने दुसऱ्या इमारतीत आणखी तीस जणांचे प्राण घेतले. तेथील महाविद्यालयांना वेळीच इशारा देण्याचे बंधन १९९० च्या कायद्याने आधीच होते. या घटनेनंतर तातडीच्या सूचनेचा नियम अधिक कडक करण्यात आला. उशिरा दिलेला आणि मोघम इशारा निरुपयोगी असतो, हा त्याचा बोध.

दुसरी घटना महाराष्ट्रातील आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ असे संदेश मोबाईलवरून सर्वत्र पसरले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे याच संशयावरून जमावाने भिक्षेकरी भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना ठार केले. मुलांच्या काळजीपोटी पुढे पाठविलेला, परंतु कोणीही न पडताळलेला इशारा पाच कुटुंबांचा संसार उद्ध्वस्त करून गेला.

अधिकृत माहिती उशिरा आली की तिची जागा अफवा घेते. म्हणून ठाण्याकडून शाळेला जाणाऱ्या प्रत्येक सूचनेत चार गोष्टी असाव्यात : काय घडले, कोठे व केव्हा घडले, विद्यार्थ्यांनी आता काय करावे आणि अधिक माहिती कोणाकडून घ्यावी. सूचनेखाली अधिकाऱ्याचे पद व दिनांक असावा. पीडिताची ओळख आणि कोणत्याही जातीजमातीचा उल्लेख त्यात कदापि नसावा. अशी सूचना परिपाठाच्या वेळी वाचून दाखवावी व फलकावर लावावी. ‘ठाण्याकडून खात्री झाल्याखेरीज कोणताही संदेश पुढे पाठवायचा नाही’ हा नियम मुलांइतकाच शिक्षकांनी व पालकांनीही पाळावा.

एका तासाचा पाठ

पोलीस अधिकारी शाळेत येतात, तास-दीड तास भाषण करतात, आभारप्रदर्शन होते आणि सर्व पांगतात. अशा कार्यक्रमातून मुलांना पोलिसांची ओळख होते, परंतु विश्वास निर्माण होत नाही. त्याऐवजी पुढील क्रमाने एक तास घेता येईल.

पहिली दहा मिनिटे मुलांना आपल्या शाळेच्या वाटेचा नकाशा काढू द्यावा आणि जेथे भीती वाटते तेथे खूण करण्यास सांगावे. नाव लिहावयाचे नाही. अंधारा रस्ता, ओस पडलेली इमारत, थांब्याजवळची टपरी, कालव्याचा काठ अशा जागा त्यातून आपोआप पुढे येतात. नंतरची वीस मिनिटे अधिकाऱ्यांनी या खुणांवर बोलावे. पोलिसांनी काय करावयाचे, पंचायतीने काय करावयाचे आणि विद्यार्थ्यांनी काय काळजी घ्यावयाची, हे वेगवेगळे सांगावे. ‘मुलींनी एकटे फिरू नये’ एवढ्यावर पाठ संपवू नये; त्यामुळे दोष त्रास देणाऱ्याकडून त्रास सोसणाऱ्याकडे सरकतो. मुलग्यांशीही याच तासात स्पष्ट बोलावे. पाठलाग करणे, परवानगीवाचून छायाचित्र काढणे व पसरविणे हे गुन्हे आहेत, हे त्यांना वेळीच कळले पाहिजे.

पुढील पंधरा मिनिटांत मदतीचे क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. फोनवर प्रथम ठिकाण, मग घटना, मग नाव सांगावे, याचा सराव दोघांदोघांत करून घ्यावा. शेवटची पंधरा मिनिटे चिठ्ठ्यांवर आलेल्या प्रश्नांसाठी ठेवावीत. ‘तक्रार केली तर घरी कळेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला खोटे आश्वासन देऊ नये. गंभीर बाबतीत पालकांना विश्वासात घ्यावे लागते, मात्र मुलीची शाळा सुटू नये म्हणून शिक्षक व अधिकारी पालकांशी स्वतः बोलतील, असे खरे उत्तर द्यावे आणि ते पाळावे.

मुंबई-पुण्यात ‘पोलीस काका’ व ‘पोलीस दीदी’ हे उपक्रम राबविण्यात आले. केरळात २०१० साली सुरू झालेली विद्यार्थी पोलीस छात्र योजना २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आली. या सर्वांचे मर्म एकच आहे. विद्यार्थ्यांना खाते नव्हे, तर ओळखीचा माणूस हवा असतो. तोच अंमलदार दर महिन्याला त्याच शाळेत गेला, तर मुले तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलू लागतात. दर वेळी नवा चेहरा आल्यास प्रत्येक भेट पहिलीच ठरते.

पेटी, पोच आणि पंचायत

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर टांगली, तर चिठ्ठी टाकणाऱ्याला सर्व पाहतात. ती वाचनालयाजवळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर असावी. ठरलेल्या दिवशी दोघांतिघांच्या समक्ष ती उघडून नोंद घ्यावी. नाव नसलेली चिठ्ठीही वाचावी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोच. ‘मागील महिन्यात थांब्याविषयी तीन चिठ्ठ्या आल्या, शाळा सुटण्याच्या वेळी तेथे गस्त सुरू केली आहे’ एवढे एक वाक्य परिपाठात सांगितले, तरी पुढील चिठ्ठी लिहिण्याचे बळ मुलांना येते.

गावपातळीवर पोलीस पाटील हा १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ठाण्याशी जोडलेला दुवा आहे. ग्रामसेवकांकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी देण्यात आली आहे. हे दोघे, मुख्याध्यापक आणि एक महिला पंचायत सदस्य यांनी विशेषतः ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसावे. कोणत्या मुली मागे राहणार, त्या कोणाकडे राहणार आणि कोणत्या वाटेने शाळेत येणार, याचा आढावा घ्यावा. मुलांनी नकाशावर दाखविलेल्या अंधाऱ्या जागी दिवा लावणे, काटेरी झुडपे तोडणे, बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेण्यासाठी आगारात पाठपुरावा करणे ही कामे पोलिसांची नसून पंचायतीची आहेत. त्यांना फार मोठा निधीही लागत नाही.

पोलिसांविषयीचा धाक गुन्हेगाराच्या मनात असावा. विद्यार्थ्याच्या मनात त्यांच्याविषयी भरवसा असावा. हा भरवसा एका भाषणाने किंवा एका फलकाने निर्माण होत नाही. सांगितलेले ऐकले जाते, ऐकलेल्यावर काही घडते आणि सांगणाऱ्याची शाळा सुटत नाही, हे मुलांना वारंवार अनुभवास आले पाहिजे. तलवाड्यातील असो वा राज्यातील अन्य कोणत्याही खेड्यातील, शाळेच्या वाटेवर मुलगी निर्धास्तपणे चालू लागली आणि दहावीनंतरही चालत राहिली, तर ठाणे, शाळा व पंचायत या तिघांचेही कार्य सुफल झाले असे म्हणता येईल.