गोधडी : अनेक हातांचे काम

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले हेब्बाळ हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली असून निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात. त्यांची भाषा व आहार भिन्न असतो. परंतु जुन्या वस्त्रांचे थर शिवून केलेले पांघरूण त्यांपैकी बहुतेकांच्या परिचयाचे असते. मराठी कुटुंबात त्याला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, धारवाड-विजापूरकडील कन्नड कुटुंबात कौदी, तर बंगाली कुटुंबात कांथा. नावे अनेक असली, तरी कृती एकच : झिजलेल्या कापडाचे थर एकावर एक पसरून ते साध्या धावदोऱ्याने एकजीव करणे. हे काम घरातील व शेजारच्या मंडळींनी मिळून कसे करावे, याचा विचार येथे करू.

कापडाची निवड

वापरून मऊ झालेले सुती कापड गोधडीला सर्वांत योग्य होय. त्यातून सुई सहज जाते, ते घाम शोषते, आणि थरांमध्ये कोंडलेली हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८ मीटर असते. त्याचे २ मीटरचे ४ तुकडे करून दोन-दोन तुकडे कडेने जोडले असता, विरलेला भाग कापून टाकल्यावरही, गोधडीची वरची व खालची अशा दोन्ही बाजू तयार होतात. मध्ये जुनी धोतरे व चादरी घालाव्यात. एकूण ५-६ थर पुरेत. त्याहून अधिक झाल्यास सुई ओढताना बोटे दुखू लागतात.

पूर्वी ही निवड करावी लागत नसे, कारण घरातील बहुतेक वस्त्रे सुतीच असत. आता कृत्रिम धाग्याच्या साड्या अधिक असतात. असे कापड निसरडे असल्यामुळे थर सरकतात. शिवाय धुतल्यावर सुती कापड आटते आणि कृत्रिम कापड आटत नाही. परिणामी गोधडीला चुण्या पडतात. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र करू नयेत.

अंथरणे व टाचणे

सर्व कापड धुऊन, उन्हात वाळवून घ्यावे. मग गच्चीवर किंवा मोकळ्या खोलीत थर पसरावेत. प्रत्येक थर चौघांनी चार कोपरे धरून ताणावा व कोपऱ्यांवर वजन ठेवावे. यानंतर मध्यापासून कडांकडे लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. ही टाचणी घाईने केल्यास पुढे सैल कापड मध्यभागी गोळा होऊन तेथे फुगवटा येतो, आणि तो नाहीसा करण्यास शिवण उसवण्यावाचून उपाय उरत नाही.

टाक्यांचा हिशेब

समजा, गोधडी २ मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे आणि धावदोऱ्याच्या ओळींत ३ सेंटिमीटर अंतर आहे. अशा सुमारे ५० ओळी होतात आणि त्यांची एकूण लांबी १०० मीटर भरते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तर १०,००० टाके घालावे लागतात. एकट्या व्यक्तीला हे काम कंटाळवाणे वाटल्यास नवल नाही. चार बाजूंना चौघे बसले, की प्रत्येकाच्या वाट्यास २,५०० टाके येतात आणि बोलता-बोलता ते पुरे होतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील स्त्रियाही लाकडी चौकटीवर ताणलेल्या रजईभोवती अशाच जमून शिवण करीत. आपल्याकडे चौकटीचे काम जमीनच करते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज होत. त्यांच्या स्त्रिया कवंद नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून, रंगीत तुकडे जोडीत, फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येतात. चार कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंद पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. उबेच्या दृष्टीने या फुलांचा काही उपयोग नाही, तरीही त्यांवाचून काम संपत नाही. गरजेची वस्तू करतानाच हौस कशी भागवावी, हे यावरून दिसून येते.

नवशिक्यांचे टाके

मुलांना सुई हाती देताना त्यांच्यासाठी लहान दुपट्यापासून सुरुवात करावी. त्याला ३-४ थर पुरतात. त्यांचे टाके लांब व वाकडे पडतील. ज्येष्ठांना ते उसवून पुन्हा घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. टाका पक्का असेल, तर वाकडेपणाने ऊब कमी होत नाही. परंतु उसवलेला टाका पाहिलेले मूल पुन्हा सुई हाती घेईलच, असे नाही. अनेक घरांत ही कला खंडित झाली, त्याचे एक कारण हेही असावे की, जाणत्या हातांनी काम लवकर व नेटके उरकले आणि नवख्या हातांना ते दिलेच नाही.

तयार गोधडी वर्षातून एक-दोनदा धुवावी. भिजल्यावर ती इतकी जड होते, की पिळण्यास दोघे लागतात. तेव्हा शेजाऱ्यास हाक मारावी. वाळत घातलेल्या गोधडीवर आजीच्या लुगड्याचा काठ, वडिलांचे धोतर आणि मुलाची वाकडी ओळ एकत्र दिसतात; कोणता टाका कोणाचा, हे घरातील प्रत्येकास सांगता येते.