आधी डोकी मोजा, मग पायडल मारा

गंगाखेडच्या सायकल राइडबद्दल परभणीत सध्या एकच गोष्ट फिरतेय, की मागच्यांना हँडल सांभाळता आलं नाही म्हणून ते पडले. मी त्या मागच्यांत होतो. पडलो नाही, पण जो पडला त्याला उचलून छोट्या हत्तीत बसवणारा मीच. तेव्हा झालं ते एकदा नीट लिहून टाकतो. टपरीवर रंगवून सांगणाऱ्यांची तरी सोय जाईल.

आदल्या रात्री मी ग्रुपवर सरळ विचारलं होतं: येणाऱ्यांची यादी कोण करतंय? सगळ्यात मागं कोण राहणार? साखर कारखाने सुरू असताना अंधारात निघायची घाई कशाला? उत्तरादाखल हसरे चेहरे आले आणि वर एक टोला, "सर, आपल्याला वऱ्हाड न्यायचं नाही." यादी म्हणजे नुसती अंगठ्यांची रांग. कुणी अंगठा दाखवून घरी झोपलं, कुणी अंगठा न दाखवताच मित्राला घेऊन आलं. निघताना डोकी कुणी मोजली नाहीत, फोटो मात्र चारदा काढले.

डिसेंबरात या रस्त्याची पहाट कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर लोंबणारा ऊस, मागं दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. ट्रॉली पंक्चर झाली की चाकांना दगड लावतात. काम उरकलं की ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच राहतात.

दैठण्याच्या पुढं असाच एक दगड होता. धुकं दाट होतं. पुढचे दोघं-तिघं दगड दिसताच सर्रकन बाजूला झाले, पण कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. चाकाला चाक लावून चालवणाऱ्या माणसाला समोर रस्ता दिसत नाही, पुढच्याचं टायर दिसतं. ते टायर हललं आणि मानवतच्या एका पोराचं चाक थेट दगडावर चढलं. पोरगा उजव्या खांद्यावर आपटला. पुढची मंडळी तशीच निघून गेली.

एक मोटारसायकल थांबली. "पोलिसाचं लचांड नको" म्हणून लगेच गेलीही. रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी देऊन घरी निघालेले एक काका मात्र बॅटरी घेऊन धावत आले. "उचलू नका त्याला, आधी बोटं हलवायला सांगा," म्हणाले. मग गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी त्याच्या हाताला झोळी बांधली. दवाखान्यात ती झोळी बघून डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधली?

दरम्यान मी आमच्या पुढाऱ्यांना फोन लावला.

"आम्ही घाटावर थांबायलोत. या लवकर, फोटो राहिलाय."

म्हटलं, एक जण पडलाय, खांदा गेलाय.

"कोण?"

नाव सांगितलं. पलीकडं क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "तो आलता का आज?"

तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही पडलो काय, परत फिरलो काय, या माणसाला फरकच पडणार नव्हता. कोण आलंय हेच त्याला माहीत नव्हतं, तर कोण राहिलंय हे कुठून कळणार? आम्ही एक्स-रेच्या रांगेत असताना ग्रुपवर गोदाकाठचा फोटो पडला: "गंगाखेड फत्ते, सगळे सुखरूप." पोराचं कॉलरबोन मोडलं होतं. संध्याकाळी खुलासा आला, "सायकल ज्याची, जबाबदारी त्याची." दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. बिलाचं तर सोडाच.

असो. आता जे राइड काढणार आहेत आणि जे जाणार आहेत, त्यांच्यासाठी.

यादी कागदावर करा. नाव, घरचा नंबर, रक्तगट. एक प्रत पुढच्याकडं, एक मागच्याकडं. निघताना मोजा, पोखर्णी फाट्याला मोजा, दैठण्यात मोजा. मोजणी जुळल्याशिवाय पुढचा हलणार नाही, हे आदल्या दिवशीच सांगून टाका. ज्याला हे पटत नाही त्यानं एकट्यानं जावं, रस्ता सरकारचा आहे.

सगळ्यात मागं ग्रुपमधला सर्वात अनुभवी माणूस हवा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, दमदार तो पुढं आणि दमलेला तो मागं. मागच्याकडं पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, बँडेज आणि भरलेला फोन असावा. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात पंक्चर नशिबावर सोडता येत नाही. वेग शेवटच्या माणसाचा धरायचा. ब्रेव्हे म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या २०० किलोमीटरच्या राइडलासुद्धा साडेतेरा तास मिळतात, पहिला कोण आला याला तिथं मोल नसतं, आणि रात्री दिवे व चमकणारं जाकीट सक्तीचं असतं. आमच्या चाळीस किलोमीटरला मात्र शर्यतीची खुमखुमी.

सहा-आठ जणांच्या तुकड्या करा. दोन सायकलींमध्ये एका सायकलीचं तरी अंतर ठेवा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक शेजारून भिडू देऊ नका. तो हलला की पडणार तुम्ही, तो नाही. उसाच्या हंगामात एकेरी रांग, गप्पा चहाच्या वेळी.

ओरडा. "दगड", "खड्डा", "मागून गाडी", "थांबतोय" हे शब्द आधी ठरवा आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पोचवा. त्यात लाज कसली? शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीहून दैठण्यावरून गंगाखेडला याच वाटेनं जाते. शेकडो वारकरी असतात, पण थांबायचं कधी आणि निघायचं कधी हे शेवटच्या टाळकऱ्यालाही कळतं. आमच्या मूठभर लोकांना ते जमलं नाही, आणि म्हणे वऱ्हाड न्यायचं नाही!

डिसेंबरअखेर परभणीत सूर्य सातला पाच-सात मिनिटं असताना उगवतो. मग साडेपाचला निघून काय मिळवता? धुकं असेल तर सरळ उशिरा निघा. मे महिन्यात उलट हिशेब, पावणेसहाला उजाडतं, नऊच्या आत घरी या. पावसात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरची काळी माती डांबरावर पडते, ती ओली असताना ब्रेक दाबाल तर लोळाल. तिथं आधीच वेग कमी करा.

कुणी पडलं तर दंडाला धरून उभं करू नका. डोकं किंवा मान दुखत असेल तर अजिबात हलवू नका. एकाला मागं पाठवून वाहनं थांबवा. १०८ ला सांगताना "दैठण्याच्या पुढं, पिंपळाजवळ" असं सांगून भागत नाही, तो फोन परभणीत उचलला जात नाही. जिल्हा, तालुका, जवळचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. मदतीला घाबरणाऱ्यांसाठी एवढंच: २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलंय, प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. त्या मोटारसायकलवाल्याला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

बाकी हेल्मेट, पाणी, रात्री पुरती झोप, ब्रेक तपासणं, हे सगळे सांगतातच. मीही सांगतो.

पोराचा खांदा आता जुळत आलाय. सायकल त्यानं विकायला काढलीय, आणि त्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही. पुढची राइड येलदरीची ठरतेय म्हणे. जायचं असेल तर जा, रस्ता छान आहे, धरण बघण्यासारखं आहे. फक्त अंगठा दाखवायच्या आधी ग्रुपवर एक प्रश्न टाका: मागं कोण राहणार? उत्तरात माणसाचं नाव आलं तर जा. हसरा चेहरा आला तर पांघरूण घेऊन झोपा.