करवत लावायच्या आधी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, रात्री

चि. माऊ,


ती करवत आधी पिशवीत परत घाल. मग पुढचं वाच.

काल ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला सांगितलं, की तू हार्डवेअरच्या दुकानातून करवत आणि कानस आणून कॉटखाली ठेवली आहेस आणि रविवारी रायफलीचा दस्ता मागून दोन बोटं कापणार आहेस. त्या मुलीवर चिडू नकोस, ती घाबरली म्हणून बोलली. ताईला करवतीचं काही वाटलं नाही, कॉलेजचं काही प्रोजेक्ट असेल म्हणाली. मी मात्र रात्री उठून बसलो. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि करतेस स्वतःच्या मनाचंच. यात तू थेट आजोबांवर, आप्पांवर गेली आहेस. पत्र निदान पुन्हा वाचता येतं.

अगं, लाकूड कापायची एवढी घाई कसली? मी उभा जन्म टूलरूममध्ये काढला. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, मागोमाग लहान लहान टूलरूम निघाल्या, त्यातल्या एका ठिकाणी मी लागलो. तिथे पहिल्या आठवड्यात डोक्यात बसवलं जातं ते एकच, काढलेलं मटेरियल परत येत नाही. लोखंडाला निदान वेल्डिंग तरी करता येतं. जुन्या अक्रोडाच्या दस्त्याला तू काय लावणार, फेव्हिकॉल?

तू बालेवाडीच्या रेंजवरून पाठवलेला फोटो मी मोबाइलवर मोठा करून बघितला. मागे खांद्याला टेकते ती बट प्लेट आणि लाकूड यांच्यामध्ये काळ्या चकत्या दिसतात. त्या स्पेसर आहेत. ज्याच्याकडून आपण रायफल घेतली तो मुलगा सहा फुटी गडी, हे तूच सांगितलं होतंस. दस्ता त्याला आखूड पडत होता, म्हणून त्याने त्या घातल्या. त्या काढल्या की तुला हवी आहेत ती दोन बोटं मिळतात, करवत न लावता. फक्त त्या काढल्यावर जुनेच लांब स्क्रू परत पिळू नकोस. ते आत भोकाच्या तळाला जाऊन टेकतात, आपल्याला वाटतं घट्ट बसले, आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्याला लाकूड उभं तडकतं. चकत्यांच्या जाडीएवढे आखूड स्क्रू लागतील. ते मी इथून घेऊन येतो. शहागंजात नाही मिळाले तर कापून, तोंड घासून आणीन. लोखंड कापायला माझी ना नाही.

आणि समजा, चकत्या काढूनही दस्ता लांबच वाटला, तरी कापायचा नाही. तू अजून उंच होते आहेस. दिवाळीतल्या ड्रेसची शिवण मामीने उन्हाळ्यात उसवून उंची वाढवली, आठवतं ना? कापलेल्या दस्त्याची कुठली शिवण उसवणार आहेस?

आता दुसरी गोष्ट. खरं तर पहिलीच, पण तिच्यावर यायला मला धीर लागला. ताई म्हणाली, तू रात्री मानेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतेस. कधीपासून? मला का नाही बोललीस? मागच्या महिन्यात इथे आली होतीस तेव्हा मान सारखी डावीकडे वळवत होतीस, मी समजलो एसटीत अवघडली असेल.

हे तुझ्या मानेचं दुखणं नाही, त्या लांबीचं आहे. दस्ता लांब असला की डोळा मागच्या डायऑप्टरच्या भोकापाशी पोहोचत नाही. मग तू मान पुढे ताणतेस. मान पुढे गेली की रायफलीचं वजन सावरायला कंबर मागे जाते. चार-पाच किलोची वस्तू, अंगात ते पुठ्ठ्यासारखं कडक जॅकेट, आणि सामन्यात पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या. सरावात तर त्याहून जास्त. प्रत्येक गोळीला मान तशीच ताणलेली. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तू तो शोधतेस दुखऱ्या मानेने! गुण कमी पडले की ‘मला जमत नाही’ म्हणतेस. तुला जमतंय गं. रायफल तुझ्या मापाची नाही, एवढंच.

एक करून बघ. चेंबर रिकामं आहे ना ते आधी बघ, नळीत सेफ्टीची दोरी घाल. ही साडेचार मिलिमीटरची हवेवर चालणारी रायफल, परवाना लागत नाही म्हणून तिला कुणी शस्त्र समजत नाही, पण तू समज. मग जॅकेट घालूनच उभी राहा, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल चीक पीसवर टेकव आणि डोक्याचा सगळा भार त्यावर सोडून दे. एक श्वास घे आणि डोळे उघड. पुढच्या साइटची रिंग मागच्या भोकाच्या मधोमध दिसली तर ठीक. डोकं वर-खाली करावं लागलं तर चीक पीस वर-खाली हलवायचा, डोकं नाही. डोकं रायफलीकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आणायची, हे तुझ्या सरांनीही सांगितलं असेलच. एका वेळी एकच स्क्रू हलव, आणि हलवायच्या आधी जुन्या जागी पेन्सिलची रेघ मार. वहीत तारीख घालून लिही. टूलरूममध्ये माझ्या वहीला लोक हसायचे, आणि मशीन बिघडलं की तीच वही मागायला यायचे.

हे असं सारखं हलवणं म्हणजे रायफल वाईट आहे असं नाही. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, ते आपण आमच्या हॉलमध्ये बसून पाहिलं. गुडघ्यावरून आडवं होताना आणि मग उभं राहताना सगळे नेमबाज बट प्लेट आणि चीक पीस सरकवत होते. तू मला विचारलंस, मामा, सगळ्यांच्याच रायफली बिघडल्या का? किती हसलो होतो आपण. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये माणसं दस्ता आपल्या अंगाला बसवून घेतात, आणि तू मात्र आपलं अंग दस्त्याला बसवत बसली आहेस.

ग्रिपचं म्हणशील तर ती तळहाताला रुतते, कारण रायफल विकणाऱ्या त्या मुलाने तिथे एम-सील भरून स्वतःच्या पंजाचा साचा केला आहे. फोटोत रंग मारलेला दिसतो, पण खाली राखाडी असणार. नखाने खरवडून बघ. तो भाग लाकडाचा नाही, तिथे हवी तेवढी कानस चालव, माझी परवानगी आहे. वरून पॉलिश पेपर मार. लाकूड लागलं की थांब. खोली भरून धूळ होईल, तेव्हा गॅलरीत बस आणि तोंडाला रुमाल बांध. बट प्लेटच्या मापांचे नियम आहेत आणि सामन्याआधी तपासणी होते, हेही ध्यानात असू दे. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती वाचून मला कळव. दहा वर्षांवर गेलेला सिलिंडर तपासणीत अडकू शकतो. घेताना हे बघायला हवं होतं, पण तेव्हा सगळे किमतीच्याच घोळात होतो.

रागावलो असेन तर सोडून दे. मान ताणून नेम धरणं मला नवं नाही, म्हणून जीव खालीवर होतो.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण कॉलेजात मी एनसीसीच्या फायरिंग टीममध्ये होतो. छावणीत पहाटे सराव असायचा. रायफल पॉइंट टू-टूची, पण बांधा थ्री-नॉट-थ्रीचाच, दणकट माणसाच्या मापाचा. मी तेव्हा तुझ्याएवढाच होतो, मामी अजून चिडवते ती उंची. दस्ता खांद्यावर न बसता काखेत जायचा, हनुवटी पुढे काढून काढून मान आखडायची. माझा गोळ्यांचा ग्रुप चांगला यायचा, सुरुवातीला सगळ्यात चांगला. मग उजवा खांदा दुखायला लागला. कुणाला म्हणालो नाही, बाकीच्यांना जमतं, आपल्यालाच का दुखतं असं वाटायचं. एका सोमवारी गेलोच नाही. घरी अभ्यासाचं कारण सांगितलं, आप्पांना बरं वाटलं.

पुढे कैक वर्षांनी आमच्या कंपनीच्या गेटवर एक निवृत्त फौजी आला. चहा पिताना हा विषय निघाला. तो म्हणाला, अहो साहेब, थ्री-नॉट-थ्रीचे दस्ते लांबीप्रमाणे वेगवेगळे यायचे. लाकडावर इंग्रजी अक्षर ठोकलेलं असायचं, एस म्हणजे आखूड, एन म्हणजे नेहमीचा, एल म्हणजे लांब. अर्ध्या अर्ध्या इंचाचा फरक. त्याहून आखूड ‘बँटम’ नावाचाही होता. आतला एक लांब बोल्ट सोडला की दस्ता बदलला. शंभर वर्षांपूर्वीच्या फौजेलासुद्धा ठाऊक होतं, की सगळे जवान एका मापाचे नसतात. मी तो चहा तसाच ठेवून उठलो. अर्धा इंच! एकदा तोंड उघडून ‘मला हा लांब होतो’ एवढं म्हटलं असतं तर? मोठा नेमबाज झालो असतो असं नाही. अंजली भागवतही एनसीसीतूनच पुढे आली आणि जगात पहिल्या क्रमांकावर गेली, पण तिची गोष्ट वेगळी. मला निदान अजून दोन वर्षं त्या पहाटे मिळाल्या असत्या.

म्हणून पुन्हा विचारतो, दुखतं ते तू का सांगत नाहीस?

मला वाटतं, मला कळलं आहे. रायफलीसाठी ताईने पाटल्या मोडल्या, हे तुला कळू द्यायचं नव्हतं. पण आपल्या घरात कुजबुज केली की ती आधी तुझ्याच कानावर जाते. रायफल बसत नाही म्हटलं तर पाटल्या वाया गेल्या असं होईल, म्हणून तू दात-ओठ खाऊन उभी राहतेस आणि गुपचूप करवत आणतेस. वेडे, पाटल्या होतील परत. माझ्या शिक्षणाला आईने चपलाहार मोडला होता, मला नोकरी लागल्यावर तोही झाला, आणि आता तो तुझ्याच नावाने ठेवला आहे. तो घालायला मान धड नको का?

आणि नेमबाजी सोडायची असली तरी चालेल. खरंच चालेल. पण दुखतंय म्हणून नाही. आवडेनाशी झाली तर सोड, तेव्हा ताईशी मी बोलेन. रायफल विकायला दहा गिऱ्हाइकं मिळतील, न कापलेली असेल तर! (बघ, परत तिथेच आलो.)

शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो, दुपारी पोहोचेन. ॲलन कीचा सेट, आखूड स्क्रू आणि व्हर्निअर घेऊन येतोय. नळी आणि दस्ता जोडणारे मोठे स्क्रू मी आल्यावर दोघं मिळून बघू. रायफल उभी धरून पुढचा स्क्रू सैल करायचा आणि नळी व लाकूड यांच्या फटीवर बोट ठेवायचं. नळी हलल्याचं बोटाला जाणवलं तर आत काहीतरी तिरकं बसलं आहे. ते हाताला कळतं, पत्रात लिहून सांगता येत नाही. मामी धपाटे आणि लसणाची चटणी देणार आहे, चटणी तुझ्या त्या मैत्रिणीलाही दे. संध्याकाळी आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ. नंबर मी लावला आहे, तू सरांना सांगून ठेव आणि शनिवारी सराव ठेवू नकोस.

तोवर वर सांगितलं तेवढं सोडून रायफल केसमध्येच राहू दे. आज रात्री मान दुखली तर मला फोन कर. कितीही वाजले असले तरी कर, मी फोन उशाशीच ठेवतो.

तुझा,
मामा