ट्रॅक्टरची टाकी आणि माळव्याची माती



माळव्याच्या काळ्या मातीची थोरवी आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. लाव्हारसाच्या खडकापासून ती बनली, ती ओल धरून ठेवते, तीत गहू, हरभरा आणि सोयाबीन उत्तम पिकते, इतके बहुतेकांस तोंडपाठ असते. परंतु शेतात आपल्याला पोसणारी हीच माती चिमूट चिमूट करून ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाकीत गेली, तर ऐन पेरणीत ते अवजड यंत्र शेताच्या मध्यभागी मुकाट्याने उभे राहते. आपल्या शाळेतील कित्येक मुलामुलींच्या घरची शेती देपालपूर, सांवेर, महू या बाजूंस आहे, आणि सुटीत गावी गेल्यावर टाकीत डिझेल ओतताना नरसाळे धरण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्यास येते. म्हणून हा विषय निवडला. मी भाषा शिकवणारा मनुष्य आहे, यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. तथापि हा विषय समजण्यास पदवी लागत नाही, थोडे अंकगणित पुरते.

आपल्या भागात ट्रॅक्टर आले ते मुळी धुळीतच काम करण्यासाठी. मध्य भारतातील लाखो एकर काळी जमीन कांस नावाच्या चिवट गवताने व्यापलेली होती. त्याची मुळे इतकी खोल जात की बैलांच्या नांगरास ती उपटणे शक्य नव्हते. १९४७ च्या सुमारास सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांनी कामास आरंभ झाला. १९४९ साली नवी यंत्रे घेण्यासाठी जागतिक बँकेने भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या वेळी इंदूर ही मध्य भारत राज्याची उन्हाळी राजधानी होती. जमीन खोल नांगरून कांसाची मुळे उन्हात वाळवायची, अशी ती रीत होती. म्हणजे यंत्रे चालायची ती भर उन्हाळ्यात आणि धुळीच्या लोटांत. अशी यंत्रे चालवणारी व राखणारी माणसे तयार व्हावीत म्हणून १९५५ साली नर्मदाकाठी बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. आज तीच संस्था देशातील ट्रॅक्टरांची परीक्षाही घेते. चालकाचे शिक्षण हा यंत्राइतकाच महत्त्वाचा भाग आहे हे त्या पिढीने ओळखले होते.

ट्रॅक्टर एक दिवस बंद पडला तर एवढे काय बिघडते, असे शहरातील वाचकास वाटेल. त्यासाठी ‘वाफसा’ हा शब्द समजून घेतला पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर काळी माती प्रथम चिखल असते. तीत चाक रुतते, पाभर चालत नाही. ती वाळून गेली की दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. या दोहोंच्या मधली जी स्थिती, ज्यात ओलही असते आणि ढेकूळही फुटते, ती वाफसा. ती काही दिवसच टिकते. त्या दिवसांत ज्याचा ट्रॅक्टर झाडाखाली उभा आणि मिस्त्री दुसऱ्याच्या शेतावर, त्याची पेरणी मागे पडते आणि पुढे सबंध हंगाम मागे राहतो. शिवाय बिघडलेला डिझेल पंप दुरुस्त करण्याचा खर्च लहान शेतकऱ्यास सहज झेपणारा नसतो.

आता अंकगणिताकडे वळू. तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत आहे असे धरा. या जातीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांस एकदा डिझेलची फवारणी होते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटास १,००० आणि तिघांत मिळून ३,००० फवारे. तासाचे झाले १,८०,०००. या तासात ६ लिटर, म्हणजे ६,००० घन सेंटिमीटर डिझेल जळाले असे समजू. भागाकार केला की एका फवाऱ्याच्या वाट्यास घन सेंटिमीटरचा सुमारे तिसावा भाग येतो. साधा पाण्याचा थेंबही याहून मोठा असतो. इतके अल्प डिझेल मोजून घ्यायचे, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने केसाएवढ्या बारीक छिद्रांतून उडवायचे आणि हे सेकंदास पन्नास वेळा करायचे, असे हे काम आहे.

ते करणाऱ्या पंपात एक लहानसा दट्ट्या एका नळीत वरखाली होतो. दट्ट्या आणि नळी यांच्यामधील फट दोन-तीन मायक्रॉनची असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या फटीत वंगण म्हणून निराळे तेल घालत नाहीत, डिझेलच तेथे वंगणाचे काम करते. बारीक वाळूचा कण तेथे पोचला की तो सहाणेवरच्या कोरड्या खोडासारखा पोलाद घासू लागतो. पडलेल्या ओरखड्यातून दाब निसटतो, फवारा नीट उडत नाही, धूर काळा येतो, जोर कमी होतो आणि सकाळी इंजिन सुरू होण्यास त्रास होतो. झिजलेले पोलाद पुन्हा भरून येत नाही. तो भाग बदलावाच लागतो.

येथे कोणी म्हणेल की मध्ये फिल्टर असतात ना! असतात, पुष्कळ ट्रॅक्टरांत एकामागून एक दोन असतात आणि ते आपले काम चोख करतात. परंतु फिल्टर ही पहारेकऱ्यांची शेवटची फळी आहे. नवा कोरा फिल्टरसुद्धा अतिसूक्ष्म कण सगळेच अडवू शकत नाही, आणि काळ्या मातीतील चिकणमातीचे कण तर दोन मायक्रॉनहूनही लहान असतात. तेच कण पाण्याशी मिसळून गाळ झाले तर फिल्टरचा कागद लिंपून टाकतात. मग डिझेल पुढे जात नाही आणि इंजिन गुदमरते. टाकीत जितकी घाण कमी, तितके फिल्टराचे आयुष्य अधिक.

मग ही घाण टाकीत शिरते कोठून? हवेतून शिरते अशी सर्वसाधारण समजूत आहे. डिझेल खर्च होईल तसतशी त्याची जागा घेण्यास टाकीत बाहेरची हवा यावीच लागते, हे खरे. पण साठ लिटरची टाकी दिवसभरात रिकामी झाली तर दिवसभरात साठच लिटर हवा आत येते. तीन लिटरचे इंजिन श्वासावाटे एका मिनिटास सुमारे तीन हजार लिटर हवा ओढते, तिच्या मानाने ही काहीच नव्हे. माझे मत असे की टाकीतील बहुतेक घाण आपण स्वतःच्या हाताने ओततो: कोपऱ्यात उघडे पडलेल्या नरसाळ्याने, गोठ्यातून उचललेल्या डब्याने, तोंडाभोवतीची धूळ न पुसता उघडलेल्या झाकणाने. ज्या इंदुराने २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर हा मान सलग सात वेळा मिळवला, त्या इंदुराच्या आसपासच्या शेतांवरही ही नरसाळी आढळतात, हे नमूद करावेसे वाटते.

तेव्हा झाकण उघडण्यापूर्वी त्याच्याभोवतीची धूळ, भुसा व ढेकळांचा चुरा पुसून काढावा. पुसण्याचे फडके धागे सुटणारे नसावे, कारण कापसाचा तंतूही फिल्टरापर्यंत प्रवास करतो. नरसाळ्यात बारीक जाळी असावी आणि काम झाल्यावर ते स्वच्छ पिशवीत बांधून खुंटीला टांगावे. टाकीच्या तोंडाशी कारखान्यातून आलेली जाळी डिझेल लवकर जावे म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. त्यांची घाई त्यांना महाग पडते. जस्ताचा मुलामा दिलेला डबा किंवा बादली डिझेलसाठी वापरू नये, कारण जस्तावर डिझेलची क्रिया होऊन जो साका तयार होतो तोही फिल्टरात जाऊन बसतो.

पिंपाची कथा याहून मनोरंजक आहे. पेरणीसाठी डिझेलचे पिंप आणून अंगणात उभे ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पिंपाच्या वरच्या कडेमुळे पावसाचे पाणी त्यावर थाळीतल्यासारखे साचते आणि पिंपाचे बूच नेमके त्या पाण्याखाली येते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगते आणि आट्यांतून थोडी बाहेर निसटते. रात्री पिंप थंड झाले की आतली हवा आकसते, आत ओढ निर्माण होते आणि बुचावरचे पाणी आट्यांतूनच आत शोषले जाते. बूच घट्ट असूनही पिंपात पाणी कसे आले, या कोड्याचे उत्तर हे आहे. बिचाऱ्या पंपवाल्यावर भेसळीचा आळ घेण्यापूर्वी ते तपासावे. पिंप छपराखाली ठेवावे. ते शक्य नसेल तर आडवे ठेवावे, किंवा एका बाजूस वीट लावून असे कलते करावे की बूच उंच बाजूला येईल. आणलेले डिझेल एक रात्र हलवू नये, आणि उपसताना तळाचे चार बोटे डिझेल घेऊ नये.

पाणी टाकीतही आपोआप तयार होते. माळव्याच्या थंड रात्री प्रसिद्धच आहेत. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की तिच्यातल्या हवेतील बाष्प पत्र्याला आतून दवासारखे चिकटते आणि ओघळून खाली जाते. एका रात्रीत काही थेंबच जमतात, पण पावसाळाभराचे थेंब थोडे नसतात. म्हणून टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरावी; हवेला जागाच उरली नाही तर दव कशाचे पडणार? पाणी डिझेलहून जड असल्यामुळे रात्रभरात तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तळाचे बूच किंवा गाळाची वाटी सैल करून थोडे डिझेल काढले की पाणी आणि गाळ दोन्ही जातात. ट्रॅक्टर हलल्यावर हेच काम व्यर्थ आहे. पाणी तसेच राहिले तर टाकी गंजते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळपट बुळबुळीत साय धरते. माझ्या मातृभाषेच्या, कोकणीच्या, मुलखात समुद्रावर जाणाऱ्या यांत्रिक होड्यांना धुळीचे भय जवळजवळ नाही. पण तेथेही डिझेलच्या टाकीतील पाणी हा रोजचा शत्रू आहे.

झाकणाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ झाकण हरवले की त्या जागी प्लॅस्टिकची पिशवी घालून वर दोरी आवळतात. धूळ आत जात नाही, म्हणून मालक खूष. मग तासाभराने इंजिन अडखळून बंद पडते; पिशवी सोडली की ‘सुस्स’ असा आवाज होतो, आणि इंजिन पुन्हा चालू लागते. कारण मूळ झाकणात हवा येण्यासाठी लहान वाट ठेवलेली असते. पिशवीला ती नाही, त्यामुळे टाकीत निर्वात होऊन डिझेल पुढे सरकत नाही. मूळ झाकणाची ती वाट चिखलाने बुजली तरी हेच घडते.

फिल्टर किती तासांनी बदलावा हे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालणे ही काटकसर नव्हे, कारण धुताना बाहेरची घाण आतल्या बाजूस जाते. नवा फिल्टर बसवल्यावर नळ्यांतील हवा काढावी लागते. ते मिस्त्रीकडून किंवा जाणत्या माणसाकडून पाहून शिकावे. नोझलमधून उडणारा फवारा हाताने तपासण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. तो कातडीतून आरपार शिरतो आणि अशी इजा झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. पन्नासहून अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. अशा पुष्कळ नव्या इंजिनांत डिझेलचा दाब जुन्यांच्या कित्येक पट असतो, आणि म्हणून त्यांना घाण आणखीच कमी सोसते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी सुटीत घरच्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, चूल आणि विडीकाडी यांपासून दूर, पिंपाच्या तळाचे थोडे डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन, बूच लावून रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी बाटली न हलवता उजेडासमोर पाहावी. तळाशी पाण्याचा थर आहे का, त्याखाली मातीचा आहे का आणि तो किती जाड आहे, हे पट्टीने मोजून वहीत लिहावे. ते डिझेल मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये; वेगळ्या डब्यात घालून मिस्त्रीकडे द्यावे, तो सुटे भाग धुण्यास त्याचा उपयोग करतो.