यश आणि प्रसिद्धी

"मोठेपणी कोण होणार?" असे विचारले, तर तुमच्यापैकी कोणी नटाचे नाव सांगेल, कोणी क्रिकेटपटूचे. यात गैर काही नाही. पण ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी, तोच यशस्वी आणि बाकीचे अपयशी, असे मानणे बरोबर आहे काय? एक खरी हकिकत वाचा.

फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शालेय क्रिकेटचा सामना चालू होता. शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली. दोघेही बाद झाले नाहीत. पुढचा फलंदाज होता 13 वर्षांचा अमोल मुझुमदार. तो पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही!

पुढे सचिन आणि विनोद भारताकडून खेळले. अमोल यांनी 1994 मध्ये पहिल्याच रणजी सामन्यात 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी एकूण 11,000 हून अधिक धावा केल्या. ते कर्णधार असताना मुंबईने 2006-07 चा रणजी करंडक जिंकला. तरीही भारतीय संघात खेळण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. 2023 मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी या संघाने प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तेव्हा अमोल यांचे नाव घरोघरी पोहोचले.

आता विचार करा. हा चषक मिळाला नसता, तर त्यांच्या 11,000 धावा वाया गेल्या असत्या काय?

उर्दूत 'कामयाबी' आणि 'शोहरत' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीतही 'यश' वेगळे आणि 'प्रसिद्धी' वेगळी. प्रसिद्धी लोक देतात आणि लोकच विसरतात. चांगले केलेले काम मात्र आपलेच राहते.

आपल्या सोनाळ्यात पाहा. बंद पडलेला पंप चालू करणारा कारागीर, कपाशीवरची कीड वेळीच ओळखणारा शेतकरी, अडल्यानडल्याला धावून जाणारी परिचारिका. त्यांची छायाचित्रे कोणी भिंतीवर लावत नाही. पण ते नसले, तर गावाचे काम अडते. मग त्यांना अपयशी कसे म्हणावे?

आवडत्या खेळाडूचे केस, कपडे यांची नक्कल एका दिवसात करता येते. त्याच्या मेहनतीची नक्कल करून पाहा.

स्वाध्याय
1. अमोल मुझुमदार यांची पाळी का आली नाही?
2. यश आणि प्रसिद्धी यांतील फरक सांगा.
3. तुमच्या गल्लीतील एका यशस्वी माणसाविषयी पाच वाक्ये लिहा.